चाखणीची सही

१

“कुणीतरी अंगभर बाम चोपडलाय गं. डोळे चुरचुरायला लागले माझे.”

“हळू बोल. असेल कुणाचं दुखणं.”

“दुखणं त्यांचं आणि शिक्षा आपल्याला.”

टॅक्सीत आठ माणसं एकमेकांत खोचून बसवलेली. तिथे हळू बोलण्याला काही अर्थ नव्हता. नझीहाने गळ्याभोवतीचा रुमाल वर ओढला आणि बाहेरच्या ऑलिव्हच्या रांगांकडे अशी पाहायला लागली, जणू जन्मात झाडं पाहिली नव्हती. बाम तिचाच होता. कापराचा, झोंबणारा, कमरेपासून मानेपर्यंत थापलेला. पन्नाशी ओलांडल्यावर ट्यूनिस ते स्फाक्स हा प्रवास बामाशिवाय होत नाही, हे मागच्या पोरींना कळायला अजून अवकाश होता.

तेल निर्यातदारांच्या संघासाठी ती लोकांच्या संगणकांतल्या चुका शोधत हिंडायची. चुका थोड्या सापडायच्या, खोटं जास्त. “संगणकाने केलं” हे वाक्य तिने इतक्या साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं की आता ते ऐकलं की तिला नुसती जांभई यायची.

सोसायटीच्या तेलघाण्यावर पोचली तेव्हा अंगणात पिंपं उतरत होती. हंगामात इथून पिंपं बाहेर जातात. ही परत येत होती.

“या, लेल्ला नझीहा,” इथे बाईमाणसाला मानाने म्हणतात तसं म्हणत चेअरमन रऊफ सामोरा आला. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. “आधी चहा, की आधी भानगड?”

“चहा. भानगड काही पळून जात नाही.”

भानगड साधीच होती. फ्रान्समधल्या मार्सेयच्या व्यापाऱ्याने अख्खा माल परत पाठवला होता. तेल कुबट. ओल्या पोत्यात सडलेल्या फळाचा वास. आणि पिंपावरच्या खुणेसमोर फोन धरला की अॅप सांगत होतं : अमक्या बागेचं फळ, अमक्या दिवशी गाळलं, प्रयोगशाळेचे आकडे उत्तम, चाखणी निर्दोष, दर्जा अव्वल. खाली सही सी महजूबची, म्हणजे घाण्याच्या जुन्या चाखणाऱ्या महजूबसाहेबांची.

“सी महजूबचं नाक चुकत नाही,” रऊफ म्हणाला. “मागल्या हिवाळ्यात त्या तापातून देवाने वाचवलं त्यांना, ते आमच्यासाठीच. म्हणजे सही खोटी. सह्यांच्या किल्ल्या बसवल्या कुणी? अॅप लिहिलं कुणी? त्या विदाद पोरीने. सोमवारी पोलिसांत तक्रार जातेय. तुमचा अहवाल जोडला की मिटलं. नाहीतर तो व्यापारी सोसायटीला बुडवेल.”

“नियमाने चाखणारे दोन लागतात. दुसरा कुठाय?”

“सी महजूब असताना दुसरा?” रऊफने कानाला हात लावला. “अपमान होईल हो त्यांचा.”

“आणि ती मुलगी काय म्हणते?”

रऊफने उत्तर द्यायच्या आत दार ढकलून एक सडपातळ मुलगी आत आली. स्वेटरच्या बाह्या हाताच्या पंजापर्यंत ओढलेल्या, नजर चहाच्या ट्रेवर.

“लेल्ला, उगाच तसदी नका घेऊ,” ती म्हणाली. “सही मीच केली असं लिहा.”

नझीहाचा पेला ओठांपाशीच थांबला. इतक्या वर्षांत गुन्हेगार रडले होते, ओरडले होते, अंगावर धावून आले होते. कबुलीची घाई झालेली ही पहिलीच.

२

विदादची खोली बाटल्या भरतात त्याच्या मागे होती. एक हीटर, एक संगणक, खिडकीत पुदिन्याची कुंडी.

ब्लॉकचेनला इथे सगळे नुसतं साखळी म्हणत. घाण्यावरची प्रत्येक नोंद त्या साखळीत एकेक कडी होऊन अडकायची. आधीची कडी, तिला जोडून पुढची. हीच साखळी जगभरच्या कितीतरी संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, त्यामुळे एखादी कडी खोडायची म्हटली तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खोडावी लागणार. मोठे कागद, फोटो साखळीवर मावत नाहीत. ते दुसरीकडे ठेवायचे आणि त्यांचा फक्त ठसा साखळीवर. कागदात एक टिंब हललं तरी ठसा बदलतो. विदादचं जावास्क्रिप्टमधलं अॅप एवढंच करायचं : नोंद साखळीवर टाकायची आणि कुणी विचारली की काढून दाखवायची.

नझीहाने आधी तो चाखणीचा कागद काढला, त्याचा ठसा घेतला, साखळीवरच्या ठशाशी ताडून पाहिला. जुळला. कागद कुणी बदललेला नव्हता. मग सही तपासली. सही करणाऱ्याने आपली छोटी किल्ली संगणकाला लावली की सही उमटायची, आणि ही सही सी महजूबच्याच किल्लीची होती.

“किल्लीची नक्कल तुझ्याकडे आहे तर.”

“आहे.”

“दाखव.”

“हरवली.”

“बरं.” नझीहाने कमरेखाली उशी सरकवली. “अॅपवर नोंदीचा दिवस दिसतो, वेळ दिसत नाही. जुन्या आवृत्तीत दिसायची. तू काढून टाकलीस. का?”

विदादने कुंडीतलं एक पान खुडलं. “वेळ चुकीची यायची. एकोणीसशे सत्तर साल दाखवायचं.”

नझीहाला हसू आलं, दमलेलं, पण खरं हसू. साखळी काळ मोजते सेकंदांत आणि जावास्क्रिप्ट मोजतं सेकंदाच्या हजाराव्या भागात. हजाराने गुणायचं राहिलं की आजची नोंद पन्नास वर्षांमागची दिसते. ही ठेच हे काम शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात लागते, आणि एका ओळीत बरी होते.

“पोरी, मी हे कुठल्या कॉलेजात शिकले नाही. मुलं झोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकले. मला सत्तर सालाने एक आख्खा रविवार रडवलं होतं. तू एवढं मोठं अॅप उभं केलंस आणि हजाराने गुणायला विसरलीस?”

“विसरले.”

“आणि दुरुस्त करायचं सोडून वेळच पुसलीस.”

“लेल्ला, तुम्ही फार थकलेल्या दिसता. अहवाल लिहा आणि घरी जा ना.”

“थकलेच आहे. म्हणून तर खोटं पचत नाही.” नझीहाने आपली पिशवी उघडून स्वतःचा संगणक बाहेर काढला. “वेळ तू पडद्यावरून पुसलीस. साखळीवर ती आहे तशीच आहे. तुझ्या अॅपला न विचारता मी ती थेट काढू शकते.”

विदादच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. सगळं आपल्या अंगावर घ्यायला आली तेव्हाही ती अशी घाबरली नव्हती.

“तुम्हाला तुमच्या आईची शपथ आहे,” ती म्हणाली. “वेळ काढू नका.”

३

आईची शपथ घातली की नझीहाचा हात जड व्हायचा. म्हणून आधी ती सी महजूबला भेटायला वर गेली. निदान स्वतःला तिने तसं सांगितलं.

चाखणीची खोली पांढरी, रिकामी. शेजारी काचेपलीकडे प्रयोगशाळा. ती त्यांची मुलगी सलवा सांभाळायची. सलवा चाळिशीची, घराण्याचं सरळ नाक, केस घट्ट बांधलेले. नझीहा आत आली तशी सलवाने नाकपुड्या आवळल्या आणि उठून खिडकी सताड उघडली.

“फार उकडतंय,” ती म्हणाली. बाहेर जानेवारीचा वारा दात वाजवत होता.

“बस, पोरी, इथे अगदी जवळ बस,” सी महजूब म्हणाले. पंच्याहत्तरीचा माणूस, अंगात टोपीचा तपकिरी झगा, बरनूस, गळ्यात दोऱ्याला दृष्ट टाळणारा चांदीचा पंजा, खमसा, आणि त्याच्याशेजारी सहीची ती बोटाएवढी किल्ली. “कान गेले माझे. गुडघेही गेले. बायको गेली. देवाने नाक तेवढं शाबूत ठेवलंय, त्याची कृपा.”

नझीहा त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली.

“त्या परत आलेल्या मालाचं तुम्हाला काय वाटतं, सी महजूब?”

“माल परत आलाय?” त्यांनी सलवाकडे पाहिलं.

“कागदपत्रांची काहीतरी चूक आहे, बाबा,” सलवा म्हणाली. “रऊफ बघतोय.”

म्हातारा हसला. “मला कुणी काही सांगत नाही. हरकत नाही. आमचं काम बघ कसं असतं.” त्यांनी निळा पेला तळहातात घेतला. “निळा का? तर तेलाचा रंग डोळ्याला दिसू नये. डोळा फार लबाड. हाताच्या उबेने तेल जागं करायचं, मग नाक. त्या आधी कॉफी नाही, सिगरेट नाही, अत्तर तर नाहीच. एकदा बँकेचा एक बडा साहेब अत्तर फवारून आला होता. मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवला! कर्ज हुकलं सोसायटीचं, पण खोली निर्मळ राहिली.”

“आणि प्रयोगशाळा?”

“नंतर! आधी नाक, मग प्रयोगशाळा. माझ्या बापाच्या वेळेपासूनचा नियम. आकडे आधी कळले की नाक आळशी होतं. शिवाय खवट तेल यंत्राला सापडतं, पण कुबट तेल? ते यंत्राच्या बापालाही कळत नाही. त्याला नाकच हवं.”

“तुमच्यानंतर कोण चाखतं?”

“माझ्यानंतर?” त्यांना प्रश्नच कळला नाही. “वडीलधाऱ्याने चाखल्यावर त्याच तेलाला कोण नाक लावेल? घाण्यावर लहानाची मोठी झालेली पोरं आहेत ही. एवढी रीतभात त्यांना आहे.”

काचेपलीकडे सलवा एक परीक्षानळी धूत होती. धुतलेलीच नळी ती पुन्हा धूत होती.

नझीहा उठली. कमरेत कळ आली तशी ती वाकली, आणि अंगाच्या उबेने तिचा स्वतःचाच बाम तिच्या नाकात शिरला. कडक, झोंबणारा, टॅक्सीतल्या परक्या पोरींना रडवणारा.

ती दारातच थबकली. तिने मागे वळून पाहिलं. सी महजूब तिच्याकडे बघून प्रेमाने मान हलवत होते.

४

दुपारी कामगारांच्या खानावळीत, समोर पाव, हरिसाची तिखट चटणी आणि तेलाची बशी ठेवून, नझीहाने जावास्क्रिप्टच्या चार ओळी लिहिल्या. त्या लिहायला तिला फार जिवावर आलं. पण बाटल्यांमागच्या त्या खोलीत एक मुलगी सोमवारची वाट बघत बसली होती.

नोंदी एकामागून एक पडद्यावर उतरल्या, ज्या क्रमाने साखळीत अडकल्या होत्या त्याच क्रमाने.

जुन्या हंगामांत सगळं सी महजूब म्हणाले तसं होतं. आधी चाखणी, मग आकडे. कधी कधी आकडे उत्तम, तरी म्हाताऱ्याने लॉट नापास केलेला : “कुबट”, “मातीचा वास”, “या बागवाल्याला सांगा, पोती वाळवत जा.” मग मागल्या हिवाळ्यात एक मोठा खंड, तापाच्या दिवसांचा. आणि त्याच्यानंतर क्रम उलटा. आधी आकडे, मग चाखणी. दर वेळी. आकडे चांगले तर चाखणी चांगली, आकडे मध्यम तर चाखणी मध्यम. यंत्राने पास केलेला एकही लॉट त्यानंतर नाकाने नापास केलेला नव्हता.

समोरची खुर्ची सरकली. सलवा बसली. तिने पडद्याकडे पाहिलं नाही.

“जेवा ना. पाव गार होतोय.”

“तुझे आकडे त्यांच्या सहीच्या आधी पडतात, सलवा.”

“हंगामात घाई असते.”

“दर वेळी?”

सलवाने पावाचा तुकडा मोडला, तेलात बुडवला, तसाच बशीत ठेवून दिला. “ते विचारतात, ‘आज आकडे काय म्हणतायत?’ सहज विचारल्यासारखं. मी सांगते. सहज सांगितल्यासारखं.”

“आणि विदाद?”

“रमजानात तिच्या लक्षात आलं. माझ्याकडे आली. म्हणाली, लेल्ला सलवा, अॅपवर वेळ दिसते. मी म्हटलं, मग? ती काही बोलली नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी वेळ दिसेनाशी झाली.” तिने नाकावरून हात फिरवला. “तिचा बाप समुद्रात बुडून गेला तेव्हा बाबांनी तिची फी भरली होती. ती त्यांना आजोबा म्हणते.”

“पिंपं भरणाऱ्यांना वास आला नसेल?”

“आला असेल की. पावसात पोती भिजून पडली होती, सगळ्यांनी पाहिलं होतं. रऊफने तर आपल्या हाताने ताडपत्री टाकली वरून. पण सही झाली होती ना. सहीनंतर कोण बोलणार?”

“ती मुलगी तुरुंगात जाईल, सलवा.”

“मला माहीत आहे.”

“मग बोल.”

“काय बोलू?” सलवा म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. “ही चाखणी सुटली तर बाबांचं उरतं काय?”

तेवढ्यात अंगणात गलका झाला. कुणीतरी जिन्यावरून ओरडलं, “सी महजूब खाली येतायत! काठी न घेता!”

५

ऑफिसात सगळे उभे होते. रऊफ टेबलामागे, विदाद भिंतीशी, नझीहा खुर्चीच्या पाठीला धरून. सलवा दारातच थांबलेली.

सी महजूब यायच्या आधी नझीहाने रऊफला भराभर सांगून टाकलं होतं. कागद बदललेला नाही. सही खरी आहे. ती किल्ली अशी असते की तिची नक्कल निघतच नाही, आणि जिने ती बसवली तिला हे माहीत असणारच. म्हणजे नक्कल होती आणि हरवली या दोन्ही थापा. किल्ली म्हाताऱ्याच्या गळ्यातून निघत नाही. सही त्यांनीच केली, आकडे ऐकून केली.

“आकडे ऐकून का?” एवढंच तिने विचारलं होतं. “तुम्ही रोज भेटता त्यांना, सी रऊफ. तुम्ही सांगा.”

रऊफ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला होता. आणि नझीहाच्या लक्षात आलं होतं की तीसुद्धा वाक्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत फिरली.

“तेल कुठाय?” सी महजूब धापा टाकत म्हणाले. “अंगणातल्या पोरांनी आत्ता सांगितलं मला. विदादला पोलिसांकडे देताय? या पोरीला? त्या लॉटवर सही माझी आहे. तेल वाईट असेल तर मी वाईट. चांगलं असेल तर तिला सोडायचं. आणा पेला!”

“सी महजूब, कशाला दगदग,” रऊफ म्हणाला.

“पेला आण म्हणतो ना!”

कुणीतरी परत आलेल्या पिंपातलं तेल आणलं. निळा पेला भरायच्या आधीच वास खोलीभर पसरला : ओली पोती, कोंदट तळघर, कितीतरी दिवस न काढलेले मोजे. रऊफने नकळत तोंडासमोर हात नेला आणि तिथूनच मिशी कुरवाळायला लागला.

सी महजूबनी पेला तळहातात घेतला. दुसऱ्या हाताने झाकला. डोळे मिटले. किती सुंदर हात होते ते, नझीहाला वाटलं. असे हात काही वर्षांनी कुठे दिसणारही नाहीत. त्यांनी हात काढला, नाक पेल्यात खोल घातलं आणि लांब श्वास घेतला.

“हिरवा बदाम,” ते म्हणाले. “टोमॅटोचं पान. किंचित गवत.” त्यांचा चेहरा उजळला. “निर्मळ आहे! मी सांगतो, निर्मळ आहे. त्या मार्सेयवाल्यालाच नाक नाही. सोडा माझ्या पोरीला.”

त्यांनी पेला खाली केला आणि टेबलामागे पाहिलं.

“काय रे, रऊफ?”

“अगदी,” रऊफ घसा खाकरत म्हणाला. “अगदी निर्मळ, सी महजूब.” मग तो नझीहाच्या कानाशी वाकला. “बघा, हे असं आहे. आता तरी पोरीचं नाव लिहा आणि मिटवा एकदाचं. तीही तयार आहे.”

विदादच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज साफ होता. “हो आजोबा. छान आहे तेल. मीच नंतर नोंदीत काहीतरी चूक केली.”

“तू गप्प! तेल चांगलं आहे तर चूक कसली?” म्हातारा गोंधळला. त्याने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याने जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं : स्वतः चाखलेला पेला दुसऱ्यापुढे धरला. “तू बाहेरची आहेस, पोरी. तुला माझी भीड नाही. तू सांग.”

नझीहाने पेला घेतला. नाकाशी नेला. तिने पुष्कळ साहेबांना तोंडावर खोटं ठरवलं होतं, वकिलांना, एका मंत्र्याच्या जावयाला. तिने तोंड उघडलं. तो म्हातारा इतक्या विश्वासाने तिच्याकडे बघत होता की तिने ते तसंच मिटलं. तिने पेला टेबलावर ठेवला.

“कुणीच का बोलत नाही?” सी महजूबनी पेला पुन्हा उचलला. थोडं तेल बरनूसवर सांडलं. ते दाराकडे वळले. “सलवा. तू माझं नाक घेऊन जन्मलीस. तू सांग यांना. कसं आहे हे तेल?”

सलवा पुढे आली. तिने पेला घेतला नाही. बापाचे दोन्ही हात पेल्यासकट आपल्या हातांत धरले.

“सडकं आहे, बाबा,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला वास येत नाही. त्या तापापासून तुम्हाला कसलाच वास येत नाही, आणि आम्हाला सगळ्यांना ते माहीत आहे.”